गाळलेला नकार

"हलू नकोस, सिस्टर. रंग जुळवतेय."

वर्षाताईंनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला. स्पंज गार होता. त्याला गुलाबपाण्याचा आणि शिळ्या पावडरीचा वास होता. शेजारच्या खुर्चीत मृणालवहिनी बसल्या होत्या. गळ्याभोवती पांढरा टॉवेल, गोऱ्या चेहऱ्यावर तपकिरी रंगाचा पहिला हात. वर्षाताई माझ्या गालाकडे पाहत, मग त्यांच्या गालाकडे, पुन्हा माझ्या. साडीला ब्लाउजपीस जुळवताना बायका दुकानाबाहेर उजेडात जाऊन पाहतात, तसं.

मग त्यांनी तोच स्पंज माझ्या गालावर ओढला. रंग दिसला नाही. माझ्या कातडीत तो विरून गेला.

"दिसत नाहीये ना? म्हणजे बरोबर," त्या म्हणाल्या. "वहिनी, तुम्हाला अजून दोन हात लागतील."

सगळे हसले. आमचे दिग्दर्शक श्रीरंगसर दारात उभे होते. "आयतं शेडकार्ड मिळालंय," ते म्हणाले. "नाहीतर अंदाजाने फासत बसलो असतो."

मी हसले नाही. उठलेही नाही. गालावर ओल होती आणि तिच्यावर एसीचा वारा येत होता. फक्त तेवढाच भाग थंड पडत गेला.

कुवेतमध्ये, अबू हलीफातल्या एका इमारतीच्या तळघरात आमच्या मराठी मंडळाच्या तालमी चालत. दर वर्षी मंडळ परदेशातल्या एखाद्या कलावंताचं आयुष्य रंगमंचावर उभं करतं. थोडं वाचन, थोडा अभिनय, मागे पडद्यावर छायाचित्रं. या वर्षी हॉलिवूडमधली एक अभिनेत्री होती. काळी. जवळजवळ सगळी कारकीर्द तिने मोलकरणीच्या भूमिकांत काढली. तिचं आयुष्य मी लिहिलं होतं, आणि मृणालवहिनी ते जगणार होत्या.

ती मला डायलिसिसच्या वॉर्डात भेटली. मी तिथे नर्स आहे. एक वृद्ध कुवेती बाई येत असे, आम्ही तिला यम्मा, म्हणजे आई, म्हणायचो. यंत्र तिचं रक्त धूत असताना ती भिंतीवरच्या टीव्हीवर जुने अमेरिकन चित्रपट पाही. आवाज बंद, खाली अरबी अक्षरं. एका दुपारी मी तिची नाडी पाहत होते. पडद्यावर मोठी मेजवानी चालू होती. झुंबरं, मोत्यांचे सर, हसणारे ओठ. आणि चौकटीच्या अगदी कडेला ट्रे घेऊन उभी असलेली एक काळी बाई. तिला एकही वाक्य नव्हतं. ती फक्त मालकिणीच्या पेल्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात असं काही होतं की उरलेली सगळी मेजवानी मला खोटी वाटू लागली. यम्माने सुई नसलेला हात उचलून पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली, यांत ही एकटीच खरी आहे.

त्यानंतर मी तिला शोधत राहिले. फोनवर तिचे चित्रपट, तिच्या म्हातारपणच्या मुलाखती. ती धोबिणीची मुलगी. लहानपणी इस्त्रीच्या वाफेत उभी राहून गाणी म्हणायची. हॉलिवूडला गेली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण गाऊ. तिच्या हाती एप्रन आला. मग तोच एप्रन, दर चित्रपटात. तिने दारं उघडली, अंथरुणं घातली, दुसऱ्यांच्या मुलांना थोपटलं. पडद्यावर ती कधी बसलेली दिसली नाही. श्रेयनामावलीत तिचं नाव शेवटी येई. कधी येतही नसे.

आणि मग एक दिवस आला. चित्रीकरण चालू होतं. मालकीण मोलकरणीच्या थोबाडीत मारते असा प्रसंग होता, आणि मार खाऊन मोलकरणीने हसायचं होतं, म्हणजे प्रेक्षकही हसले असते. तिने दिग्दर्शकाला सांगितलं, मी रडेन, मी निघून जाईन, पण हसणार नाही. मार खाऊन हसणारी बाई आमच्या घरात कुणी नव्हती. एप्रन सोडून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ती चालू लागली. पुढे कित्येक वर्षं तिला काम मिळालं नाही. ती परत इस्त्रीच्या वाफेत उभी राहिली, आईच्याच जागी.

तिच्या मुलाखतीत हे ऐकलं त्या रात्रपाळीनंतर मी घरी आले आणि झोपू शकले नाही. मीना अल-अहमदीच्या बाजूला रिफायनरीची ज्योत जळत होती, खिडकीच्या काचेवर तिचा नारिंगी डाग हलत होता. मी लिहायला बसले. कविता मी पूर्वीपासून करते. पण त्या सकाळी जे आलं ते कवितेहून जुनं होतं.

मंडळात पहिलं वाचन मीच केलं. वाचून झालं. मृणालवहिनींनी डोळे पुसले. त्यांचे यजमान रिफायनरीत वरच्या हुद्द्यावर आहेत, मंडळाचे अध्यक्षही. मला वाटलं, आता भूमिका माझी. तसं मी म्हणालेही. तेव्हा श्रीरंगसरांनी चष्मा काढला आणि फार मायेने समजावलं की लिहिताना माझी भाषा स्वच्छ असते, बोलताना मात्र तिच्यात गाव येतं. मराठवाडा येतो. शिवाय माझ्या ड्यूट्या. शिवाय रंगमंचावर एक वजन लागतं. मी विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करावं, शब्द माझेच असल्याने ते मला पाठच असणार.

तिथे सगळ्यांना ताई, वहिनी, काका होते. मी सिस्टर होते. पहिल्या दिवशी आडनाव विचारलं गेलं, मी सांगितलं, आणि नंतर जी छोटीशी शांतता पडली ती मी लहानपणापासून ओळखते. ती शांतता विमानाने इथवर येते. तिला व्हिसा लागत नाही.

पाचवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मला राक्षसीण केलं होतं. बाकीच्या मुलींना रंग लावणं चाललं होतं, मी रांगेत उभी होते. माझी पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "हिला नको. डबी वाचेल." मी तशीच रंगमंचावर गेले. लोक घाबरले, हसले, टाळ्या वाजवल्या. माझी आई सरकारी दवाखान्यात फरशी पुसायची. ती मागे उभी राहून पाहत होती. त्या संध्याकाळी तिने माझ्या तोंडाला बेसन लावलं आणि घासलं. खूप घासलं. गाल पेटले, पण मी रडले नाही, कारण ती रडत होती.

तळघरातल्या त्या स्टुलावर बसले असताना माझे गाल पुन्हा तसेच पेटले.

नेपथ्य करणारे दाजी कुडाळचे सुतार. शुऐबाच्या बंदराकडे काँट्रॅक्टवर काम करतात, सुट्टीच्या दिवशी मंडळाचे पडदे-दरवाजे ठोकून देतात. मी बाहेर पायऱ्यांवर आले तेव्हा ते कागदी कपातला चहा फुंकत बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दुसरा कप माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "बाये, लिवलंस तू. बोलतली ती. मगे तुझ्या तोंडात काय? चाय?"

मला हसू आलं. मी कप उचलला. समुद्रावरून दमट वारा येत होता, त्यात मीठ होतं आणि गंधकाचा बारीक वास.

शेवटच्या आठवड्यातल्या तालमी ड्यूटीमुळे माझ्या चुकल्या. प्रयोग शुक्रवारी, एका शाळेच्या सभागृहात होता. मी काळ्या कपड्यांत गेले, प्रॉम्प्टर दिसू नये म्हणून. मेकअपच्या खोलीत मोगऱ्याचे गजरे, स्प्रे, घाम, गरम दिव्यांचा वास. मृणालवहिनी आरशासमोर होत्या. वर्षाताईंनी माझ्याकडे न पाहताच स्टुलावर हात आपटला.

"बस गं पटकन. या दिव्यात रंग वेगळा दिसतोय."

मी उभी राहिले.

"मी बसणार नाही," मी म्हणाले. "माझा चेहरा नमुन्याला ठेवलेला नाही."

माझा आवाज मोठा नव्हता. तरी हेअरड्रायर बंद झाला.

श्रीरंगसर आले. काय झालं, त्यांनी विचारलं. कोणीतरी सांगितलं, सिस्टरना राग आलाय. मी सांगितलं की राग नाही. ज्या बाईला जन्मभर कडेला उभं केलं तिची ही गोष्ट आहे, आणि ती सांगतानाही तुम्ही कोणालातरी कडेला उभं करता आहात, माझ्या कातडीचा रंग घेता आहात आणि मला विंगेत ठेवता आहात. हे मी होऊ देणार नाही.

मृणालवहिनी आरशातून माझ्याकडे पाहत होत्या. अर्धा चेहरा तपकिरी, अर्धा त्यांचा. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच दुखावल्याचं पाणी होतं.

"अगं, एवढा काळा रंग मी तोंडाला लावून घेतेय," त्या म्हणाल्या. "दुसरी कोण तयार झाली असती? तुला त्याचं काहीच नाही?"

त्या वाक्यात खोलीतल्या कुणालाही काही खटकलं नाही. एका बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं की यांना माझा द्वेष वाटत नाही. द्वेष असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. यांना माझा रंग म्हणजे एक त्याग वाटतो, संध्याकाळपुरता करायचा, आणि रात्री कोल्ड क्रीमने पुसून टाकायचा.

श्रीरंगसर हळू आवाजात म्हणाले, "आयत्या वेळी असं अडवणं शोभत नाही. तू घरी जा. प्रॉम्प्टिंग मी बघतो."

मी घरी गेले नाही. सभागृहात मागच्या दाराशी उभी राहिले. दिवे मंदावले. माझी वाक्यं दुसऱ्या तोंडातून येऊ लागली. चांगली येत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. इस्त्रीची वाफ, आईचे भाजलेले हात, पहिला एप्रन. लोक स्तब्ध होते. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणत होते. प्रसंग जवळ येत होता. मालकिणीचा हात उठला. थप्पड बसली.

मृणालवहिनी हसल्या.

गोड हसल्या, प्रेक्षकांकडे पाहून. आणि मागून श्रीरंगसरांचा धीरगंभीर आवाज आला, मी न लिहिलेल्या वाक्यांत: तिने कधी तक्रार केली नाही. वाट्याला आलेली प्रत्येक भूमिका तिने हसतमुखाने स्वीकारली.

नकार गाळला होता. ती काम नसलेली वर्षं गाळली होती. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई रुमालाने डोळे टिपत म्हणाली, "किती सोसलं बिचारीने, पण कडवट झाली नाही." टाळ्या पडल्या. उभं राहून टाळ्या.

मला माझ्यासाठी कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. ती अभिनेत्री मेली आहे. तिला येऊन सांगता येणार नव्हतं की मी हसले नाही. तिने आयुष्यात एकदाच एक गोष्ट केली होती जी कुणी लिहून दिली नव्हती, आणि तिची किंमत तिने वर्षानुवर्षं उभ्याने मोजली होती. तीच यांनी काढून घेतली. माझ्या हाताने लिहिलेल्या आयुष्यातून.

आभारप्रदर्शन सुरू झालं तेव्हा मी मधल्या वाटेने पुढे गेले. पायऱ्या चढले. निवेदकाच्या हातून माइक घेतला आणि म्हणाले, "हे खोटं आहे. ती हसली नव्हती." दुसऱ्या वाक्याला माइक बंद झाला. बाहेर बटाटेवड्यांचा घाणा लागला होता, लोक उठू लागले होते. खुर्च्या सरकत होत्या. मी माइक खाली ठेवला आणि बोलले. मला स्वच्छ भाषा आठवेना. जी आली ती आईची आली.

"ती म्हनली, मी रडंन. मी निघून जाईन. पर हासनार न्हाई. मार खाऊन हासनारी बाई आमच्या घरात कुनी नव्हती."

पहिल्या रांगेतले खाली पाहत होते. बरेचसे दाराकडे चालले होते. कोणीतरी म्हणालं, चला, वडे गार होतील. विंगेत दाजी आणि त्यांच्याबरोबरची माणसं दोऱ्या सोडायची थांबली होती. मी तो सगळा प्रसंग म्हटला. त्यानंतरची वर्षंही म्हटली. घसा फाटत होता. संपलं तेव्हा सभागृह जवळजवळ रिकामं होतं.

मंडळाच्या ग्रुपमधून मला त्याच संध्याकाळी काढलं. वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्या बायका आता फोनमध्ये बघतात. यम्मा त्या हिवाळ्यात गेली, तिला हे मी सांगू शकले नाही. गावी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, नोकरी तर जानार न्हाई ना?

मागच्या आठवड्यात श्रीरंगसरांचा निरोप आला. झालं गेलं विसर. नव्या वर्षाचा प्रयोग ठरतोय, लेखन तुझंच हवं, तुझ्यासारखं इथे कोणी लिहीत नाही. मी एका ओळीत उत्तर दिलं: लिहीन, पण मीच बोलेन, आणि एक शब्दही गाळला जाणार नाही. निरोप वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. ते येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी वाटही पाहत नाही.

मला एकटं पडायचं आहे का? नाही. या गावात मराठी ऐकायला मन आसुसतं, शुक्रवारच्या सुट्टीची दुपार फार लांब होते. तरीही ठरलं आहे. जिथे मला तोंड उघडता येणार नाही, तिथे माझा शब्द जाणार नाही.