सुप्रभाताईंचं एस्टिमेट

सुप्रभाताई पेठकर मँचेस्टरला आल्या त्या डॉक्टरांची बायको म्हणून. अजयरावांना इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली होती, आणि ताईंचा कराडचा मेकॅनिकल ड्राफ्टिंगचा डिप्लोमा फाइलमध्येच राहिला. मुलगी उर्वी शाळेत रमल्यावर त्यांनी स्टॉकपोर्टच्या एका छोट्या हीटिंग फर्ममध्ये फोन घ्यायची पार्टटाइम नोकरी धरली. मालक कीथ. घरांची एस्टिमेट्स काढायचा गॅव्हिन, आणि ती टाइप करायच्या ताई.

टाइप करता करता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गॅव्हिन लोकांच्या हॉलमध्ये दहा मिनिटं उभा राहायचा, चहा प्यायचा, खोल्या मोजायचा आणि खोलीमागे ठरलेला दर लावून मोकळा व्हायचा. शेवटचं बिलही ताईंकडेच यायचं, आणि ते एस्टिमेटच्या कधी हजार पाउंड वर, कधी दीड हजार. मग लोक फोनवर भडकायचे. ते फोनसुद्धा ताईच घ्यायच्या.

"कीथ, हा गॅव्हिन छपराखालच्या लॉफ्टमध्ये चढतच नाही," त्या एकदा म्हणाल्या.

"कोणीच चढत नाही," कीथ हसला.

गेल्या नोव्हेंबरात गॅव्हिन नोकरी सोडून गेला, आणि त्याच आठवड्यात मिसेस हॅडोंचा फोन आला. बाई सेल नावाच्या भागात राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. घर पन्नास वर्षांपूर्वीचं. त्यात रेडिएटर नाहीत, पत्र्याच्या डक्टमधून प्रत्येक खोलीत गरम हवा येते. म्हणजे यायला हवी. वरच्या दोन्ही बेडरूम गारठलेल्या, आणि नवऱ्याची छाती आधीच कमजोर.

"एका कंपनीने सांगितलं, सगळे डक्ट बदला. साडेअकरा हजार," बाई म्हणाल्या. "एवढे आमच्याकडे नाहीत. घर विकायला काढतोय. म्हटलं, त्याआधी आणखी एकाला विचारावं."

"उद्या दहा वाजता येते," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी कीथला सांगितलं.

हॅडोंच्या घरी त्यांनी आधी गरम हवा येण्याच्या प्रत्येक ग्रिलपाशी थर्मामीटर धरला. खाली हवा चांगली गरम होती. वर ती हवा ढकलणाऱ्या पंख्याचा आवाज येत होता, पण वारा हाताला लागत नव्हता. मग ताईंनी शिडी मागितली. छप्पन्नाव्या वर्षी, दुखरा गुडघा सांभाळत त्या लॉफ्टमध्ये शिरल्या, आणि थबकल्या. बाहेर दोन अंश तापमान, आणि इथे मात्र घाम फुटावा अशी ऊब!

टॉर्च फिरवत त्या रांगत पुढे गेल्या. पत्र्याचा मुख्य डक्ट ठणठणीत होता, गंजाचा डाग नाही. फक्त सांध्यांवरची टेप वाळून सुटली होती. पुढे बेडरूमकडे जाणारे दोन लवचिक पाइप. एक जुन्या ट्रंकेखाली चेपला गेलेला. दुसरा सांध्यातून निसटून खाली पडलेला, आणि हॅडोंच्या पैशांनी तापलेली हवा कौलांवर फुंकत असलेला. ती हवा चेहऱ्यावर घेत ताई एकट्याच हसल्या.

मग त्यांनी फूट न् फूट मोजला आणि गुडघ्यावर वही धरून नकाशा काढला. डक्टच्या जुन्या पांढऱ्या वेष्टनात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असेल तर ते काढायचा खर्च कुठल्या कुठे जाईल, म्हणून त्याचा नमुना लॅबकडे पाठवला. चार दिवसांनी रिपोर्ट आला: ॲस्बेस्टॉस नाही. जिन्यावरच्या फळ्यांखालचा डक्टचा तुकडा दिसत नव्हता. तिथे अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी धरली. एकूण आकडा निघाला दोन हजार सातशे चाळीस.

कीथने कागद दोनदा वाचला. "इतकं कमी? काही राहिलं असेल तर फरक माझ्या खिशातून जाईल."

"राहिलं नाहीये. आणि हे काम चुकलं तर पुढचं एस्टिमेट मला देऊ नकोस."

त्या संध्याकाळी उर्वीचा ग्लासगोहून फोन आला. "आई, बाबा म्हणतात तू लॉफ्टमध्ये चढलीस?"

"चढले गं. आणि उतरलेसुद्धा."

डिसेंबरात दोन फिटर कामाला लागले. दुसऱ्या दिवशी फळ्या उचलल्या तर तिथला सांधा खरोखर फाटलेला होता. कीथ तोंड पाडून ताईंकडे वळला. ताईंनी एस्टिमेटवरच्या ओळीवर बोट ठेवलं: अर्धा दिवस, आधीच धरलेला. दुपारी तीनला पंखा सुरू झाला. मिसेस हॅडो वर धावल्या, ग्रिलपाशी हात धरून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "डोनाल्ड, वर ये! कोट काढून ये!"

शेवटचं बिल ताईंनीच टाइप केलं. दोन हजार सातशे एकवीस. घर विकायचा बोर्ड उतरवला गेला. हॅडोंचं घर बांधणाऱ्या बिल्डरचीच अकरा घरं त्या रस्त्यावर होती, आठवड्याभरात नऊ जणांचे फोन आले, आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "त्या लॉफ्टमध्ये चढणाऱ्या बाई येतील का?"

"गॅव्हिनची जागा घे," कीथ म्हणाला. "पगारासकट."

"घेते. पण घर न बघता आकडा द्यायचा नाही, आणि एस्टिमेटखाली सही माझी."

आतापर्यंत सहा घरं झालीत. पाचव्या घरात मात्र सगळेच डक्ट गंजून चाळण झालेले निघाले. तिथे ताईंनी पूर्ण बदलायचाच खर्च सांगितला: नऊ हजार दोनशे. मालकाने कागद वाचला आणि लगेच होकार दिला. "हॅडोंना तुम्ही गरज नाही म्हणालात," तो म्हणाला. "म्हणून मला हे पटतं."

त्या दिवशी ताई ऑफिसातून सरळ घरी गेल्या नाहीत. मेट्रोलिंकच्या ट्रामने शहरात गेल्या आणि स्वतःसाठी डोक्याला बांधायचा एक झकास दिवा घेऊन आल्या.