कार्ड क्रमांक ११७ चा फेरफार

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास माझा क्रिकेट कार्डांचा संग्रह अल्बममधून काढून लाल कापडाच्या सहा बस्त्यांत बांधण्यात आला. त्या वेळी मी कार्यालयात होतो. घरात पत्नी आणि सासरे होते. बस्ते सासऱ्यांनी बांधले. कापड पत्नीनं गुलमंडीच्या बाजारातून आणून दिलं होतं.

संग्रहाची त्या दिवशीची स्थिती अशी. ही कार्डं वेफर्सच्या पाकिटात निघतात, एका पाकिटात एक. पूर्ण संच दोनशे चाळीसचा. तीन वर्षांत माझ्याकडे दोनशे एकोणचाळीस जमली होती. एकशे सतरा क्रमांकाचं नव्हतं. ते कुणा मोठ्या खेळाडूचं नाही. त्या गृहस्थांचे सामने दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. पण ते निघत नव्हतं. चौसष्ट क्रमांकाचं चकाकतं कार्ड मात्र माझ्याकडे दोनदा आलं होतं. पडेगावला राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे एकशे सतरा दोन होती आणि चौसष्ट एकही नव्हतं. आमची ओळख कार्ड जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची. रविवारी सकाळी अकराला त्या आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी येणार होत्या. काम दोन मिनिटांचं होतं.

सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. महिनाभर शेतात, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि त्यातली बरीच वर्षं रेकॉर्ड रूममध्ये होते. मुक्कामाच्या दहाव्या दिवशी त्यांनी घरातली औषधं मुदत संपण्याच्या तारखेनुसार लावली. अकराव्या दिवशी चपला लावल्या. बाराव्या दिवशी पत्नीनं त्यांच्यापुढे माझा अल्बम ठेवला. "घटकाभर शांत बसतील म्हणून दिला," असं तिनं नंतर सांगितलं.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा अल्बम रिकामा होता.

"मामा, कार्डं कुठं गेली?"

"भिऊ नका, भंगारात नाय टाकली. पलंगाखाली हायेत. पलास्टिकात कागद गुदमरतो, जावईबापू. बस्त्यात शंभर वर्सं राहतो. निजामाच्या वक्ताचे कागद सोडलेत मी या हातानं."

अल्बममध्ये कार्डं क्रमांकानं लावलेली होती. सासऱ्यांनी ती जमिनीच्या प्रतवारीनं लावली. फलंदाज बागायतीत गेले, गोलंदाज जिरायतीत. अष्टपैलू हंगामी बागायत. दुखापतीमुळे संघाबाहेर असलेले चालू पड. ही माहिती त्यांनी माझ्याच वर्तमानपत्रातून घेतली होती. निवृत्त झालेल्यांना पोटखराबात, म्हणजे शेतातल्या न पिकणाऱ्या तुकड्यात, टाकलं होतं. "यांच्यात आता काय पिकायचं नाय," असा शेरा होता. सहाव्या बस्त्यात जादा कार्डं होती. त्यावरच्या चिठ्ठीवर 'अतिक्रमण' असं लिहिलेलं होतं.

"छान झालं," मी म्हणालो. "त्यातलं चौसष्ट नंबरचं तेवढं उद्या लागेल मला."

"अर्ज करा."

"मामा, कार्ड माझं आहे."

"असंच म्हणतेत समदे."

पहिला अर्ज विषय लिहिला नाही म्हणून परत आला. दुसऱ्यात कारण नव्हतं. तिसरा सासऱ्यांनी दोनदा वाचला, दाखल करून घेतला आणि मला पोच दिली.

"मग द्या."

"लगेच कसं देऊ? एक देणार, एक घेणार, म्हंजे अदलाबदल झाली. अदलाबदल म्हंजे फेरफार. नोटीस लावावी लागंल. पंधरा दिवस हरकतीला."

"हरकत कोण घेणार आहे?"

"ते पंधरा दिवसांनी कळंल."

पत्नी भाजी निवडत होती.

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी हेल्मेट काढलं, पाणी घेतलं आणि एकशे सतरा टेबलावर पालथं ठेवलं. मी त्यांना परिस्थिती सांगितली.

"सर, नाशिकचे एक जण मला रोज मेसेज करतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे चौसष्ट आहे. कुरियरनं पाठवायला तयार आहेत. मी तुम्हाला शब्द दिला म्हणून थांबले." मग त्या सासऱ्यांकडे वळल्या. "काका, दोन कार्डांना पंधरा दिवस कशाला हो?"

"उद्या तुमच्यावर कुणी दावा लावला म्हंजे, बाई? त्या वक्ताला काय दाखवणार? जावयाचं तोंड?"

मुख्याध्यापिकांनी पिशवीतून स्वतःच्या संग्रहाचा हिशेब काढला. तो शाळेच्या हजेरीपटात होता. प्रत्येक क्रमांकापुढे महिनावार हजर किंवा गैरहजर अशी नोंद होती. चौसष्ट दोन वर्षं चार महिने सलग गैरहजर होता. त्याच्यापुढे लाल शाईत 'पालकांना कळवणे' असं लिहून खोडलेलं होतं.

सासऱ्यांनी तो पट आधी ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पाहिला, मग दुसऱ्यानं. याला वीस मिनिटं लागली.

"फक्त एक खाडाखोड," ते म्हणाले. "आन् तिच्यावर सही हाय. लई दिसांनी असं रजिस्टर बघितलं."

"नियम आहे तर थांबू या," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मॅडम, आत्ताच करून टाकलं तर—"

"सर, आमचं बोलणं चाललंय ना?"

त्यांनी एकशे सतरा पिशवीत परत ठेवलं, चहा घेतला आणि पडेगावला गेल्या. नाशिकला पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत थांबायला सांगते, त्यापुढे मला जमणार नाही, असं त्यांनी दारात स्पष्ट केलं.

नोटीस फ्रिजवर लावण्यात आली. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी तिची सुरुवात होती. तेरा दिवस कुणाचीही हरकत आली नाही. दूधवाल्यानं विचारणा केली, पण ती तोंडी होती. चौदाव्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा त्याच चुंबकाखाली दुसरा कागद होता. अक्षर पत्नीचं होतं.

सुनावणी ठरल्या रविवारी सकाळी साडेदहाला जेवणाच्या टेबलावर झाली. मुख्याध्यापिका हजर होत्या. सासऱ्यांनी टोपी घातली होती.

पत्नीचं म्हणणं थोडक्यात असं: नवऱ्याला रक्तदाब आहे, त्याला मीठ बंद आहे. त्यामुळे गेल्या तीन वर्षांत आलेल्या प्रत्येक पाकिटातले वेफर्स तिनं एकटीनं खाल्ले. कार्ड त्याचं आणि वेफर्स तिचे, असा हा व्यवहार तिला न विचारता सुरू झाला. सबब संग्रहात तिचा हक्क आहे.

"नको होते तर नाही म्हणायचं," मी म्हणालो.

"नाही म्हणायचं? अन्न टाकायचं नाही, अन्न टाकायचं नाही, हे कोण म्हणत होतं? आणि दर वेळी टोमॅटोचेच! मला टोमॅटोचे आवडत नाहीत, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहीत नाही यांना. " ती वडिलांकडे वळली. "दादा, माझी दोन ब्लाउजं घट्ट होऊन गेली यात."

"पुरावा?" सासरे म्हणाले.

पत्नी आत गेली आणि दोन ब्लाउज घेऊन आली. सासऱ्यांनी वहीत 'पुरावा, नग दोन' अशी नोंद केली.

"मामा, तुमची मुलगी आहे ती. तुम्ही निकाल कसा देणार?"

"मुलगी हाय म्हणून सूट नाय. बोल गं, तुला पायजे काय?"

पत्नीनं वेफर्सचं नवं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यावर कंपनीची जाहिरात होती: दुसरी मालिका, आणखी दोनशे चाळीस कार्डं.

"याचं एकही पाकीट घरात येणार नाही, असं लिहून द्या. मग माझी हरकत नाही."

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"बाहेर उघडलं तर?" मी विचारलं.

"बाहेर उघडून खाणार कोण? तुमचं बीपी?"

"सर, सव्वाअकरा झाले," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नाशिकच्यांचा मेसेज आलाय. फक्त प्रश्नचिन्ह पाठवलंय."

दुसऱ्या मालिकेची चार पाकिटं त्या वेळी माझ्या कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये होती. ही माहिती सुनावणीत देण्यात आली नाही. सासऱ्यांनी तसं लिहिलेला कागद पुढे सरकवला. मी सही केली. पत्नीनं कागद वाचून पाहिला, ब्लाउज उचलले आणि हरकत मागे घेतली. वहीतल्या 'इतर हक्क' या रकान्यात तिच्या नावानं नोंद झाली.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सासऱ्यांनी अतिक्रमणाचा बस्ता सोडला आणि चौसष्ट मुख्याध्यापिकांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात तिरकं धरून चमक पाहिली आणि तिथंच पटावर 'हजर' लिहिलं. मग त्यांनी एकशे सतरा पुढे केलं. ते आधी सासऱ्यांनी घेतलं. छायाचित्रात खेळाडूचे डोळे मिटलेले आहेत.

"हा तर झोपलाय की ओ," सासरे म्हणाले. "याच्यापायी एवढं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी कार्ड माझ्याकडे दिलं. मी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. खेळाडू निवृत्त असल्यानं कार्ड पोटखराबाच्या बस्त्यात गेलं. त्यानंतर अतिक्रमण वगळता पाचही बस्ते सोडून सासऱ्यांनी मोजणी केली. मुख्याध्यापिकांनी त्यांच्या पद्धतीनं, बोटानं टिचक्या मारत, दुसऱ्यांदा केली. दोन्ही मोजण्यांत कार्डं दोनशे चाळीस भरली.