हौसाकाकीची खोली

नवऱ्याला मी सगळं सांगते. भाजीवाल्याशी झालेली हुज्जत, शेजारणीच्या सुनेचा रुसवा, स्वप्नात आलेले हेडमास्तर — त्याला ऐकायचं असो वा नसो. पण एक गोष्ट मी त्याच्यापासूनसुद्धा लपवली. बहिणीला नाही सांगितली, मुलाला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही त्या गोष्टीपाशी आले की चटकन पुढे सरकते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. का, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

पण थांबा, आधी आमचं वाचनालय तर बघा! त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

बाळकुममध्ये गावदेवीच्या देवळामागे आमची दुमजली इमारत आहे. खाली समाजमंदिर आणि वर वाचनालय. खाली मागच्या बाजूला, विहिरीकडे तोंड करून, मुलांचा विभाग. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये ही एवढीशी पिवळी इमारत! रंग मीच निवडला. कमिटीतल्या पुरुषांना राखाडी हवा होता, तो म्हणे मळत नाही. मी म्हटलं, मळू दे की! जिथे माणसं येतात तिथे मळणारच.

आणि माणसं येतात हो. खाली गावातल्या कुणाची तरी हळद असते, धवलारीण लग्नाची गाणी, धवले, म्हणत असते, मटणाचा वास जिन्यावरून वर येतो, आणि वर स्पर्धा परीक्षेची मुलं कानात बोळे घालून बसलेली असतात. पहिल्या हळदीला ती मुलं तक्रार करायला म्हणून खाली उतरली, ती हात धुऊन, पोट भरून, कपाळाला हळद लावून वर आली. त्यानंतर तक्रार नाही. आता तर त्यांच्यातली एक मुलगी इतिहासाच्या सनावळ्या धवल्याच्या चालीवर पाठ करते. मी कितीदा दाराआड उभी राहून ऐकलंय आणि तोंडावर पदर धरून हसलेय.

इमारतीचा स्लॅब भरला तो दिवस मी विसरायची नाही. तोवर गावातल्या बायका आणि आम्ही टॉवरमधल्या बायका एकमेकींना भेटायचो त्या फक्त पार्किंगच्या भांडणात. त्या दिवशी आम्ही एकाच पातेल्यातला चहा प्यालो. मग पुस्तकं यायला लागली — तांदळाच्या गोण्यांतून, द्राक्षांच्या खोक्यांतून. मी डोंबिवलीच्या शाळेत प्राथमिकला शिकवायचे. तिथल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं वडिलांचं सबंध कपाटच पाठवून दिलं. टेम्पो भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये असा काही अडकला की ड्रायव्हरनं त्यातली रहस्यकथा उघडली, आणि इथे पोचल्यावर खुनी कोण ते कळेपर्यंत पुस्तक द्यायलाच तयार होईना. तो आमचा पहिला सभासद.

मी फार आनंदानं सांगतेय, नाही? तीच तर अडचण आहे. ती इमारत आठवली की मला आनंदच होतो. पश्चात्ताप झालेल्या माणसाचा चेहरा असा असतो का?

सांगते. तिकडेच चाललेय.

जागा हौसाकाकीची. काकी मूळच्या गावातली, आगरी घरातली. एकेकाळी त्यांची भातशेती होती, सासऱ्यांचं मिठागर होतं. शेतांवर टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एकात, अकराव्या मजल्यावर, काकीला मुलासोबत ऐसपैस फ्लॅट मिळाला. मुलगा सोन्यासारखा, सून जीव लावणारी. पण काकीचं मन काही तिथे रमलं नाही. ती म्हणायची, "पाय भुईला लागत नाय गो टीचर. झोपलं तरी लटकल्यासारखं वाटतं." सगळं विकलं तरी देवळामागचा एक तुकडा तिनं ठेवला होता. तिथे पूर्वी त्यांचं भात झोडायचं खळं होतं. तो तिच्या स्वतःच्या नावावर होता. बिल्डर चकरा मारून थकले. आणि आम्ही समाजमंदिर आणि वाचनालयाचं बोलायला गेलो, तर काकी पटकन हो म्हणाली!

एक अट होती. मागच्या बाजूला, विहिरीकडे, तिला एक खोली हवी होती. एकटीसाठी. चूल मांडण्यापुरती, दार उघडलं की माती दिसेल अशी. मेल्यावर ती खोलीही वाचनालयाचीच, असंही ती म्हणाली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आणि मग नकाशा पाहिल्यावर माझी बुद्धी फिरली.

तुम्हाला कसं सांगू? माझ्या शाळेत वाचनालय म्हणजे ऑफिसातलं एक कपाट होतं, आणि ते उघडायचं ते इन्स्पेक्शनला. सबंध नोकरीत मी मुलांना त्या काचेला नाक लावून उभं राहिलेलं पाहिलं. मला मुलांसाठी खोली हवी होती. वर नको — जिने चढून मुलं येत नाहीत. रस्त्यावरून धावत आली की थेट पुस्तकात पडावी, अशी खाली हवी होती. आणि खाली जागा होती ती एवढीच. काकीची.

मी तिच्या मागे लागले. गोड बोलून. तुमचं एवढं मोठं घर आहे, तुम्हाला काय कमी आहे, एकटीला पडल्याझडल्यावर कोण बघणार — हे सगळं मी बोलले. म्हाताऱ्या माणसाला घाबरवायचं कसं ते आपल्याला बरोबर कळतं, नाही? काकी ऐकून घ्यायची. रागवायची नाही. शेवटी एकदा म्हणाली, "पोरांसाठी मांगतंस, तर मी नाय कशी बोलू? पन मन व्हत नाय. देवीला इचारू. ती सांगंल तां."

कौल लावायचं ठरलं. आमच्या चिपळूणकडेही कौल लावतात, त्यामुळे मला रीत ठाऊक होती. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. काकीच्या घरची आणखी एक रीत होती. विचारणाऱ्यानं डोकं उंबऱ्याला टेकून डोळे मिटायचे, आणि पाकळी बघायची घराबाहेरच्या कुणीतरी. घरच्या माणसाचा डोळा लबाडी करतो म्हणून. पुजाऱ्यानंसुद्धा पाकळ्या चिकटवून बाहेर जाऊन बसायचं.

बघायला तिनं मला सांगितलं. मला! जिला ती खोली हवी होती तिलाच. मी म्हटलं, काकी, दुसऱ्या कुणाला तरी बसवा. खरंच म्हटलं, एकदाच, हळू आवाजात. ती म्हणाली, "तू टीचर. तू खोटी बोलशील?"

तिनं गाऱ्हाणं घातलं — सगळी जागा पोरांना देऊ का, माझी खोली सोडू का. आणि डोकं टेकलं. गाभाऱ्यात समईचा उजेड होता. जास्वंदीच्या लालभडक पाकळ्या. मी देवाधर्मातली फारशी नाही. हा सगळा अडाणीपणा आहे असं तिथे उभी असतानाही मला वाटत होतं. तरी पाकळ्यांवरची नजर काही हलत नव्हती.

पाकळी पडली. डावी.

काय झालं ते अगदी सरळ सांगते. मी ती पाकळी उचलली आणि होती तिथे परत चिकटवली. ओलीच होती, लगेच चिकटली. मग उजवी काढली आणि खाली ठेवली. देवीच्या अंगाला हात लावून. माझ्या पायाशी काकी डोकं टेकून बसली होती, तिच्या अंबाड्यातला अबोलीचा गजरा मला दिसत होता. आणि मी म्हटलं, "उजवा दिला, काकी."

तुम्ही म्हणाल, ज्या बाईचा कौलावर विश्वासच नाही तिला पाकळ्या हलवायची गरज काय पडली? मीही स्वतःला हे विचारलंय. पुजारी आत येऊन बघणार होता, म्हणून. एवढंच उत्तर आहे. चोरी करणारा माणूस मागचं दार लावून घेतो, तसं.

काकी उठली. डोळे पुसले. मला वाटलं आता रडेल. पण ती हसायलाच लागली! म्हणाली, "बघ, आईनंच मांगली. मंग आता कसला इचार?" आणि बाहेर येऊन तिनं आख्ख्या गावाला सांगितलं, देवीनं खोली पोरांसाठी मागून घेतली म्हणून. भूमिपूजनाला ती नाचली. मीही नाचले तिच्याबरोबर, हातात हात घालून.

त्या खोलीत आता बुटकी टेबलं आहेत, भिंतीवर मुलांनी काढलेले मासे आहेत, खिडकीतून विहीर दिसते. रस्त्यावरून धावत येणारं पोर खरंच थेट पुस्तकात पडतं. शाळा सुटली की असा कलकलाट होतो की वरची स्पर्धा परीक्षावाली जिन्यातून ओरडतात. मला त्या आवाजानं आतून भरून येतं. हे मी लपवणार नाही. मला त्याचं सुख होतं, आजही झालं.

आणि काकी? ती रोज येते. सकाळी लिफ्टनं खाली उतरते ती थेट त्या खोलीत. कोपऱ्यात पाट टाकून वाल सोलत बसते. वाचता येत नाही, पण मुलं तिला वाचून दाखवतात, आणि राजकन्या मूर्खासारखी वागली की ती राजकन्येला आगरीत शिव्या घालते. मुलं मुद्दाम त्याच गोष्टी निवडतात. मग ती मिठागराच्या गोष्टी सांगते, खाडीतल्या चिंबोऱ्यांच्या, आणि पुस्तकं तशीच उघडी राहतात. बघणाऱ्याला वाटावं, हिच्यासाठीच बांधली ही खोली.

मी बराच काळ स्वतःला हेच सांगत आले. बघ, खूश आहे ती. काय कमी झालं तिचं? तिला सांगितलं तर तिची देवीवरची श्रद्धा दुखावेल, कशाला उगाच? फार शहाणं कारण आहे, नाही? पण खरं तेवढं शहाणं नाही. सांगितलं तर मी त्या खोलीत कुठल्या तोंडानं बसू? मुलं मला टीचर म्हणतात ना, ते मला ऐकायचं असतं, रोज. म्हणून मी गप्प आहे.

मागे एकदा शेंगा सोलता सोलता ती आपणहून म्हणाली, "आईनं मांगली म्हनून. नायतर ही खोली मी कोनालाच दिली नसती. तुलापन नाय." तक्रार नव्हती त्यात. वालाचं टरफल बाजूला टाकावं तसं बोलली आणि पुढची शेंग घेतली. मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. मारतच राहिले.

संध्याकाळी बंद करायची वेळ होते. मुलं जातात. काकी सगळ्यात शेवटी उठते, तिला घाई नसते. हात टेकत टेकत उठते, खिडकीतून एकदा विहिरीकडे बघते, पायानं फरशी चाचपत बाहेर येते. मग म्हणते, "लाव गो टीचर कुलूप," आणि मी लावते. देवीनं तिला ठेवायला सांगितलेली खोली रोज मीच तिच्यासमोर बंद करते, आणि ती लिफ्टनं अकराव्या मजल्यावर जाते.