मामींच्या गोळ्या आणि मामांची फळी

आमचे मामा घरं रंगवतात. दोन रंग एकमेकांत जमतात का, हे ते आधी फळीच्या तुकड्यावर लावून बघतात. फळी वाळल्याशिवाय भिंतीला ब्रश लावत नाहीत, मग घरमालक कितीही नाचो. संसारही त्यांनी याच शास्त्रावर रेटलाय.

मध्यंतरी मामी जिना चढताना अर्ध्यावरच बसायला लागल्या. रक्त कमी म्हणून डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालूच होती, ते सांगायचं राहिलं. घरी आल्यावर मामी सहज म्हणाल्या, "दोन्ही एकदम चालतील ना हो?" झालं! मामांनी दोन्ही पाकिटं ताब्यात घेतली, एकेक गोळी कुटली, पाण्यात कालवली आणि फळीवर फासली.

सकाळी फळीवर गंजक्या पत्र्यासारखा डाग, त्यात पांढरे फोड.

"फाटलं," मामांनी निकाल दिला. "गोळ्या बंद."

"मामा, मामींचं पोट म्हणजे काय फळी आहे?"

"फळी बरी रे. उलटून बोलत नाही."

"मग तिच्याशीच संसार करा!" मामी आतून कडाडल्या. "इथे मला भोवळ येतेय आणि हे औषधाचं वॉर्निश करतायत."

पण मामा पाकिटं सोडेनात. "थोडा मध घालून बघतो, धरेल." तोवर मामी भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायला लागल्या होत्या. शेवटी मीच दोघांना रिक्षात घातलं. फळीही आली. मामांच्या मांडीवर.

डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे काय?"

"नमुना," मामा म्हणाले.

"अहो, दोन्ही घेतल्या म्हणून विषबाधा नाही होत. फक्त कॅल्शियम सोबत असलं की लोह अंगी कमी लागतं. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा."

मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे पहिला हात वाळू द्यायचा, मग दुसरा! असं मराठीत सांगा की."

बाईंनी फळीकडे बघत मान डोलावली. दुसरं करणार काय?

घरी येताच मामींनी लोहाची गोळी गिळली. मामांनी टेबलफॅन ओढून त्यांच्या पोटासमोर लावला.

"हलू नकोस. ओल्यावर सुरकुत्या पडतात."

"त्या लग्नातच पडल्या," मामी म्हणाल्या आणि उठून फॅनची वायर काढून घेतली.