दोन बोटं तार

सोमवारचं मौन असलं की सुगंधाबाई दुपारी देवघरापुढच्या चटईवरच कलंडतात. हातात माळ, उशाशी पाटी-पेन्सिल. गेली तीस वर्षं सोमवारी आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत त्या शब्द बोलत नाहीत. दिवा लावायचा आणि गुरूंनी सांगितलेल्या एकाच वाक्यानं तोंड उघडायचं: "सर्वांना क्षमा, कुणाविषयी मनात काही नाही."

पलीकडच्या खोलीत भालचंद्र, म्हणजे त्यांचे यजमान, बारीक आवाजात रेडिओ ऐकताहेत. साठावा मणी सरकतो, सत्तरावा जड होतो. मग मणी संपतात आणि बोटांना नुसता दोरा लागतो. दोरा गार पडतो. आता ती तार आहे.

"वहिनी, आत येऊ का?"

दाराशी कुणीतरी खाकरतंय. ही खाकरायची रीत मिरजेत एकाचीच. प्रल्हाद हुदलीकर, ऑर्केस्ट्राचे मालक. गेल्या वर्षी वारले. सुगंधाबाई दहाव्याला जाऊन हातसुद्धा जोडून आल्या होत्या. अंगात तोच स्टेजवरचा चमचमता कोट आहे, पण पाय अनवाणी आहेत आणि फरशीवर त्यांचा ठसा उमटत नाही.

"मौन आहे वाटतं. बरं झालं, मीच बोलतो."

सुगंधाबाई पाटी ओढतात. लिहितात: बसा भाऊजी.

"चहाबिहा नको हां. आता काही चालत नाही मला."

तेव्हा सगळं चालत होतं, त्या लिहितात. नाव मात्र ह्यांचं झालं.

प्रल्हाद हसायला जातात, पण ते हसू अर्ध्यातच विझतं. ते पाटावर टेकतात आणि पाट ऊबदार लागतो, कारण तो पाट नाहीच. तो अॅम्प्लिफायरचा पेटारा आहे, लाल दिवा लागलेला. देवघराच्या भिंती कापडाच्या होऊन वाऱ्यानं फुगतात. हा गणपतीतला मांडव. अडतीस वर्षांपूर्वीचा.

इथंच, गिटार गळ्यात असताना, भालचंद्रांनी सांगितलं होतं, "प्रल्हाद, पेटाऱ्यात करंट उतरतोय, मला झिणझिण्या येतात." आणि प्रल्हाद म्हणाले होते, "वाजव रे, पब्लिक बसलंय." दुसऱ्या गाण्याला भालचंद्रांचे ओठ माइकला लागले नि ते गिटारीसकट आडवे झाले. डाव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून आकसलेली. पण बोटांचं एक वेळ सोसलं असतं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, घेऊन आला होता, म्हणून पडला. ज्या माणसानं गळ्यात तुळशीमाळ घातल्यापासून सुपारीसुद्धा खाल्ली नाही, त्याला! लेकीच्या सोयरिकीत तेच पुढं आलं. सासूबाई तर मरेस्तोवर लेकाचं तोंड हुंगून मग जेवायला वाढायच्या. गिटार प्रल्हादांनी "मित्राची आठवण" म्हणून ठेवून घेतली.

"वहिनी, रविवारी माझ्या पुण्यतिथीला ते जुनं चारचौघांत काढू नका," प्रल्हाद म्हणतात. "आमचा उमेश माझा फोटो लावणार आहे. चार माणसं येतील."

चार माणसांसमोरच पडले होते हे, त्या लिहितात.

"पोरगं आहे हो ते. त्याचा काय दोष?"

उमेशनं वडिलांचं सामान जुन्या बाजारात दिलं, तेव्हा ती लाल गिटार सुगंधाबाईंनीच उचलली. गेला महिनाभर ती इस्माईल उस्तादांकडं दुरुस्तीला आहे. कधीची ती आठवण आणि कधीचं ते दुकान, काही सांधा नाही. मांडवाच्या खांबांना आता सतारीचे भोपळे टांगलेत आणि उस्ताद गिटारीची पाठ उघडून बसलेत.

"गंज काढला, खुंट्या बदलल्या, बटण नवं टाकलं," उस्ताद मान वर न करता सांगतात. "आतून झुरळांचा संसार निघाला. पण तारा टेकतात त्या ह्या ब्रिजखाली बघा, बाई. अर्थची तार. हिच्यामुळं वरच्या सहा तारा पेटाऱ्याला जोडल्या जातात. पेटाऱ्यात करंट असला तर तो वाजवणाऱ्याच्या बोटात. ही तार कुणीतरी पक्कडीनं कापलीय. मधला दोन बोटं तुकडाच काढून टाकलाय, पुन्हा चुकूनही चिकटू नये म्हणून."

सुगंधाबाई पाटी पुसतात. हे पडल्यावर का कापलीत?

"आवाज यायचा हो. घूं घूं."

उस्ताद खो खो हसतात. "शेठ, कापली की घूं घूं वाढते! करंट तेवढा बोटाला लागत नाही. पंचवीस वर्षं तुमची गिटार डासासारखी गुणगुणत होती. मेल्यावर तरी खरं बोला!"

प्रल्हादांचा कोट चमकायचा थांबतो.

उस्ताद नवी तार डाग देऊन जोडतात. राळेचा धूर उठतो. सुगंधाबाईंना वाटतं, हा तर आपल्या आरतीतला वास. त्या डोळे मिटून कुठं दया सापडते का बघतात, अंधारात काडेपेटी चाचपावी तशा. हाताला काही लागत नाही. मग त्या नैवेद्याचं ताट धरावं तशी दोन्ही हातांवर गिटार घेतात आणि प्रल्हादांपुढं करतात. शेजारी माइक उभा आहे. पेटाऱ्याचा लाल दिवा लागलेला आहे.

पाटीवर एकच शब्द: वाजवा.

प्रल्हाद हात पाठीमागं लपवतात. "नको. वहिनी, नको."

त्या एक पाऊल पुढं येतात.

"मेलेल्याला कसली भीती, शेठ?" उस्ताद विचारतात.

खुर्च्या भरल्यात. पहिल्या रांगेत सासूबाई नऊवारी सावरून बसल्यात. सुगंधाबाई आणखी एक पाऊल टाकतात. तारांची टोकं प्रल्हादांच्या छातीला लागायला बोटभर अंतर राहतं आणि तो मेलेला माणूस माइकला तोंड लावून ओरडतो, "ठाऊक होतं मला! त्यानं सांगितलं होतं! तो प्यायला नव्हता. मी प्यायलो होतो!"

मांडवभर तेच घुमतं. मी प्यायलो होतो. पहिल्या रांगेत सासूबाई पदर तोंडाशी नेतात.

सुगंधाबाईंना गोड वाटतं. अगदी जिभेवर खडीसाखर विरघळावी तसं. त्याची लाजही वाटत नाही.

"झालं ना मनासारखं?" प्रल्हाद गुडघ्यांवर आलेत. मांडव नाही, दुकान नाही, समोर फक्त समई आहे, न लावलेली. "मग आता ते म्हणा. दिवा लावताना म्हणता ते. माझं नाव घेऊन एकदा म्हणा, वहिनी, म्हणजे मी सुटतो. वर्षभर दर सोमवारी दाराबाहेर थांबतो मी."

त्या ओठांवर बोट ठेवतात. मौन.

"बरं, हे घ्या. कापल्यापासून जवळ बाळगलंय." कोटाच्या खिशातून काहीतरी काढून ते त्यांच्या मुठीत कोंबतात. हात बर्फासारखा. "आता तरी?"

दिवेलागणीला बघू, त्या लिहितात.

"अगं, दिवेलागण झाली की!"

भालचंद्र उंबऱ्यात उभे आहेत, आकसलेल्या बोटांत तेलाची बुधली अडकवून. खोलीत सांज उतरली आहे. माळ चटईखाली गेली आहे. पाटी कोरी आहे.

सुगंधाबाईंची उजवी मूठ मात्र उघडत नाही. त्या एकेक बोट सोडवतात. तळव्यावर तांब्याच्या तारेचा एक तुकडा आहे. वरचं कापडी वेष्टण काळं पडलंय, दोन्ही टोकं पक्कडीनं चेपून तोडलेली. त्या डाव्या हाताची दोन बोटं त्यावर आडवी ठेवून बघतात. बरोबर तेवढाच.

त्या उठतात, तेल घालतात, वात पुढं सारून समई लावतात. हात जोडतात.

"सर्वांना क्षमा," त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणतात. मग थांबतात. दाराबाहेर कुणीतरी खाकरल्यासारखं होतं.

"एक सोडून."

"काय म्हणालीस?" भालचंद्र विचारतात.

"रविवारी इस्त्रीचा सदरा घाला, म्हटलं," सुगंधाबाई तुकडा पदराच्या टोकात बांधत सांगतात, गाठ दातांनी आवळतात. "आपल्याला पहिल्या रांगेत बसायचंय."