जिच्यावर कुत्री भुंकत नाहीत ती सायकल

माझ्या थोरल्या साडूंइतकी, म्हणजे अण्णांइतकी, हळू सायकल चालवणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात झाला नाही, आणि यापुढे व्हायचाही नाही. दोन हिवाळे झाले, ती सायकल बंद आहे. आपल्याला विसर पडायला लागलाय अशी अण्णांची समजूत झाली आहे, आणि त्यांच्यामुळे घरच्यांचीही. त्यांचं डोकं ठणठणीत आहे हे खात्रीनं सांगू शकणारा माणूस एकच, तो मी. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही, बायकोलासुद्धा नाही. का, ते सांगतोच. पण आधी माणूस सांगू दे, म्हणजे मी काय केलं त्याचं वजन कळेल.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं माग दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता आपल्याला कसलीही घाई नाही, आणि हा निश्चय त्यांनी सायकलवर अमलात आणला. सायकलचा वेग असा पाहिजे, की रस्त्यावरच्या कुत्र्याला उठावंसं वाटू नये. "भुंकलं की समजायचं, आपण पळाय लागलो," असं त्यांचं म्हणणं. हिप्परग्याच्या तलावाकडून नान्नजच्या द्राक्षबागांकडे जाणाऱ्या आडरस्त्यांवर आम्ही कितीतरी रविवार घालवले, पण एकही कुत्रं आमच्यावर भुंकल्याचं मला आठवत नाही. एकदा डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक म्हातारी आम्हाला मागे टाकून गेली. जाता जाता तिनं विचारलं, "पंक्चर हाय व्हय?"

"न्हाय, मावशी. बघत चाललोय."

"काय बघताय?"

"आता तुमीच की."

म्हातारी हसली आणि बघता बघता वळणाआड दिसेनाशी झाली.

मी जुळे सोलापुरात राहणारा, खुर्चीत बसून पोट सुटलेला हेडक्लार्क. डॉक्टरांनी दम भरला तेव्हा मी एकवीस गिअरची सायकल घेतली आणि मोठ्या ऐटीत अण्णांना दाखवायला नेली. त्यांनी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, गिअर मोजले आणि म्हणाले, "एकवीस? पाव्हणं, आपल्याला जायाचं एकाच रस्त्यानं हाय की." त्यांची स्वतःची सायकल काळी, दणकट, माझ्या लग्नाच्याही आधीची. तिच्या कॅरिअरला हवेचा पंप, कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा आणि घडी घातलेली एक अख्खी सोलापुरी चादर. चादर दुपारच्या झोपेसाठी. बारा वाजले की लिंबाखाली चादर पडायची आणि तिच्यावर अण्णा. फिरायला निघून जो झोपत नाही, तो ड्यूटीवर आहे, हा त्यांचा सिद्धांत. बरोबर येणाऱ्यानं मोबाईल घरी ठेवायचा, ही अट. ती मान्य करणारा मी एकटाच निघालो, म्हणून दरवेळी मीच बरोबर.

तलावाच्या कडेला उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे पक्षी उभे असत. अण्णा त्यांना कारखान्यातल्या साहेबांच्या हुद्द्यांनी ओळखत. "ह्यो आमचा मॅनेजर. दिवसभर चिखलात हाय, पण अंगावर शिंतोडा न्हाय. आन् त्यो मागचा नुसता मान हलवतोय, त्यो शिफ्टचा साहेब."

बागेतला त्यांचा रिवाज आणखी कडक. मालकानं स्वतःच्या हातानं घड कापून दिल्याशिवाय एक मणी तोंडात टाकायचा नाही. मालक नसला तर बांधावर बसून वाट बघायची. एकदा आम्ही दीड तास बसलो. मालक मोटारसायकलवरून आला, दोन अनोळखी माणसं बघून त्याच्या कपाळाला आठ्या. "कोण पायजे?" अण्णा उठले, हात जोडले. "तुमीच." मग त्यानं घड कापला, अण्णांनी मोजून चार मणी खाल्ले, डोळे मिटले आणि सांगितलं, "आनखी आठ दिवस थांबा. घाई केलीसा तर बाग रुसंल." मालकानं गोडी मोजायचं यंत्र काढून बघितलं. त्यानंतर तो माणूस तोडणीच्या आधी अण्णांना फोन करायचा.

आता पट्ट्यांचं सांगतो. तो मुलूख सपाट. टेकडी नाही, डोंगर नाही, दोन्हीकडं तशाच बागा, तशाच तारा, तशीच वेडी बाभळ. "डोंगरात कुणीबी रस्ता काढंल," अण्णा म्हणत, "सपाटीवर माणूस चुकतो." म्हणून कारखान्यात टॉवेलच्या काठाच्या ज्या लाल पट्ट्या कापून टाकतात, त्यांचं एक भेंडोळं ते खिशात ठेवत. जिथं फाटा फुटे तिथं आपल्या परतीच्या वाटेवरच्या फांदीला एक पट्टी बांधायची, आणि येताना ती सोडून खिशात घालायची. मला याचं हसू यायचं. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेहुणीनं, एकदा मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. अण्णांचे वडीलभाऊ, दादा, शेवटच्या काळात सगळं विसरत गेले होते. दूध आणायला निघायचे आणि घर हरवून बसायचे. अण्णा सायकलवरून गल्लीगल्लीत त्यांना शोधायचे. तेव्हापासून या पट्ट्या. त्या दिवसानंतर मी हसलो नाही.

आणि तरीही मी ते केलं.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. द्राक्षं उतरायला आली होती. एका फाट्यावर अण्णांनी बाभळीला पट्टी बांधली, माझ्यासमोर, नेहमीच्या दुहेरी गाठीनं, आणि पुढे निघाले. दहा-वीस पावलांवर माझ्या एकवीस गिअरच्या सायकलची चेन पडली. त्याच सकाळी मी त्यांना ऐकवलं होतं की असल्या सायकलला काही म्हणता काही होत नाही. चेन चढवली, हात काळेकुट्ट. रुमाल नव्हता. या हातांनी पुढे गेलो तर अण्णा हसतील, एवढ्याचसाठी मी मागे फिरलो, ती पट्टी सोडली आणि हात पुसले. परत बांधणार होतो. पण ती इतकी काळी झाली की बांधली तर तिनंच चुगली केली असती. मी ती पाटाच्या चारीत टाकून दिली. वाहून गेली. अण्णांना गाठायला कुणाला कधी कष्ट पडलेले नाहीत, मी गाठलं. "लई येळ लावलासा?" म्हणाले. मी म्हटलं, लघवीला थांबलो होतो.

परतताना प्रत्येक फाट्यावर पट्टी होती. त्या फाट्यावर नव्हती. अण्णा उतरले, फांदी हातानं चाचपून बघितली.

"पाव्हणं, मी हितं बांधली होती का?"

"लक्ष नव्हतं माझं, अण्णा."

एवढंच बोललो. मला वाटलं, इतकी वर्षं इथं फिरलेला माणूस, रस्ता त्यांना ठाऊकच असणार. ते डावीकडे वळले. सकाळी आलो होतो ती वाट उजवीकडची, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी मुकाट्यानं मागून गेलो. आता सांगू, पुढच्या वळणावर सांगू, असं करता करता बागा संपल्या आणि तलावाचं पाणी ओसरल्यावर हरभरा पेरतात त्या गाळात आम्ही चाकांच्या आसापर्यंत रुतलो. शेवटी ट्रॅक्टरवाल्या एका शेतकऱ्यानं सायकलींसकट आम्हाला ट्रॉलीत घातलं.

"काका, सायकली घिऊन हिकडं कुटं निघाला हुता?"

"टूरला."

"फुडं पानीच हाय की."

"म्हून तर थांबलो," अण्णा म्हणाले. ट्रॅक्टरवाला खदखदून हसला, मीही हसलो. घरी पोचल्यावर अण्णांनी सायकल भिंतीला लावली. दारात अक्कांना म्हणाले, "आता बास. दादासारखं झालं माझं."

त्यांच्या डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे. पण त्यांच्या मुलानं सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली, आणि अण्णांनी ती एकदाही मागितली नाही. पहिल्या आठवड्यात मी सांगितलं असतं तर थोडी शोभा झाली असती. फोटो काढल्यावर सांगायचं म्हणजे खर्च, धावपळ, अक्कांनी धरलेले उपास, सगळं माझ्या अंगावर आलं असतं. मी थांबलो, आणि थांबलो तसं ते जड होत गेलं.

अण्णा तसे मजेत असतात. गॅलरीत बसून खालच्या मोटारसायकलींना नावं ठेवतात. "बघा, बघा, घर काय पळून चाललंय ह्याचं?" भाजीला जायचं तर अक्का बरोबर. दूध आणलं की कागदावर लिहून ठेवतात, आणलं म्हणून. गेल्या रविवारी मी गेलो होतो. चहाचा कप माझ्या हातात होता, अर्धा झाला होता. मध्येच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पाव्हणं, मी तुमाला चा इचारला न्हवं?"

"विचारला की, अण्णा."

त्यांचा चेहरा असा उजळला, जसं काही मी त्यांना मोठं बक्षीस दिलं. मला कप खाली ठेवावा लागला.

अण्णांचं माझ्याकडे एक वाक्य बाकी आहे: पट्टी तुम्ही बांधली होती, मी सोडली. ते मला त्यांच्यासमोर बसून, अक्का आणि मुलगा ऐकत असताना, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. इथं लिहिल्यानं ते फिटत नाही.