सहावी पायरी

राहनाळच्या गोदामातली ड्युटी संपली की मी रिक्षाने आधी माहेरी जाते. वाटेत खाडीचा पूल लागतो. तिथे नाकाला ओढणी लावायची सवय मला इतकी जुनी आहे की हात आपोआप वर जातो. ज्या खाडीने आमच्या घराला खाऊ घातलं तिच्याकडे बघून मला शिसारी येते, हे लिहितानाही लाज वाटते. पाणी कधी जांभळं, कधी हिरवट. त्या दिवशी कुठल्या रंगाचं कापड रंगवलं ते पुलावरूनच कळतं. काठाला फेस, फेसात थर्माकोल आणि ट्रकच्या खिडकीतून भिरकावलेल्या पिवळ्या बाटल्या. ड्रायव्हर लघवीला खाली उतरत नाहीत, हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही.

याच खाडीत माझे बाबा मचवा चालवायचे. भात आणि गवताच्या पेंढ्या भरून मुंबईला न्यायचे. आमच्या जागेच्या टोकाला नऊ पायऱ्यांचा जुना दगडी धक्का होता. घड्याळ घरात होतं, पण भरती पायऱ्यांवर मोजायची. खालून सहाव्या पायरीला पाणी लागलं की भरलेला मचवा सुटायचा. त्याआधी बूड चिखलातच. दोर घासून घासून त्या पायरीला बोटभर खोल खाच पडली होती. नारळी पुनवेला आई तिला हळदकुंकू वाहायची, म्हणून तिच्यावर चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, ही आमच्या घरची शिस्त.

पुढे साखरेने बाबांचे डोळे गेले. मग खुब्याचं हाड मोडलं आणि ते मागच्या खोलीतल्या खाटेला खिळले. मी धक्क्यावर डोकावून घरात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला.

"पोरी, पानी कितव्या पायरीव हाय?"

"पाचव्या, बाबा."

"मंग घटकाभरानं सुटंल," असं म्हणून ते समाधानाने कूस बदलायचे. पायात बळ आलं की एकदा धक्क्यावर न्यायचं, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दादाने ती जागा ट्रक पार्किंगला दिली. तोडक्या इमारतींचा राडारोडा येऊन पडला, वर जेसीबी फिरला, संपला धक्का. मी तावातावाने भांडायला गेले, तर दादा थंडपणे म्हणाला, "बाबांना सांगू नकोस हां. त्यांना कुठे दिसतंय?" मला त्याची किळस आली. आणि मी गप्प बसले. त्याहून वाईट म्हणजे त्या संध्याकाळी बाबांनी विचारल्यावर मी "चौथ्या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी "सहाव्या". मला ते जमायला लागलं. एकच आकडा दोनदा येऊ नये म्हणून मी रिक्षात बसल्या बसल्याच ठरवून ठेवायची.

गाडण्याआधी दादाने चार चांगले दगड मात्र उपटून घेतले आणि घराच्या नव्या ओट्याला पायऱ्या म्हणून बसवले. पाहुणा आला की त्याला सांगतो, "अँटिक पीस आहेत." खाचेची पायरी सगळ्यात खाली लावली. आल्यागेल्याच्या चपलांचा ढीग तिच्यावरच पडतो.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी बाबांना तपासायला बोलावलं. कित्येक महिन्यांनी ते बाहेर पडत होते. मी एका बाजूने धरलं होतं, दादा दुसऱ्या. अनवाणी पायाने चाचपत ते एक, दोन, तीन पायऱ्या उतरले. चौथीवर थांबले. अंगठा खाचेत गेला होता. तो त्यांनी खाचेतून इकडून तिकडे फिरवला, परत फिरवला. वर पडलेली एक चप्पल पायानेच बाजूला सारली. ती माझी होती.

"बाबा, चला, रिक्षावाला थांबलाय," दादा म्हणाला.

बाबांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"मंग तू मना रोज कुठली पायरी सांगत व्हतीस?"

मी खाली वाकून चपला गोळा करायला लागले, सगळ्यांच्या.

त्या संध्याकाळी त्यांनी पाणी विचारलं नाही. अजून मी रोज जाते, रोज खाटेजवळ बसते. ते जेवण झालं का विचारतात, पोरांचं विचारतात. पाण्याचं विचारत नाहीत.